मीटरची खोली

विश्रामबागेतल्या या रस्त्याला एकवीस फाटकं होती.
डोळे मिटून ओळखायचो आवाजावरून.
चौगुल्यांचं खालून घासायचं,
उपाध्येबाईंचं बोटानं ढकललं तरी पुरे,
आणि टोकाच्या बंगल्यात फाटकाआधी कुत्रं.
सात तारखेला सायकल करंजाला टेकवायची
आणि सुरू: फाटक, पायरी, जाळीचा व्हरांडा,
झाकणामागं पालीची अंडी, काचेआड सावकाश फिरणारी चकती.
एकवीस मीटरला पाऊण दिवस.
त्यातला निम्मा पाणी पिण्यात,
"एवढं बिल कसं ओ, सिदगोंडा?" यात,
आणि एकदा चौगुल्यांच्या म्हाताऱ्याला
पोराचं परदेशातलं पत्र वाचून दाखवण्यात.

सात वाजले की रस्ता झोपायचा.
मी वीजखात्याचा माणूस, माझं ऐका,
एवढा काळोख आमच्या मळ्यातसुद्धा नव्हता.
भिंतीच भिंती. भिंतीवर काचा.
एका खोडरबरासाठी पोरं मैलभर सायकल हाणायची.

मग गावभागात नदी दुसऱ्यांदा घरात शिरली
आणि माणसं इकडं उंची विचारत आली.
"इथं पाणी कुठवर आलं होतं?"
"इथं आलंच नव्हतं."
"असू दे. तरी दुसरा मजला द्या."

पहिला गेला चौगुल्यांचा.
'कायमचा बंद' हा अर्ज मीच भरून घेतला.
शेवटचं रीडिंग सत्तेचाळीस हजार एकशे तेरा.
म्हातारा नव्हता तेव्हा. मुलानं फोनवरून विचारलं,
"डिपॉझिट परत मिळतं ना?"
पाठोपाठ करंज गेला. सायकलही गेली,
पण ती माझी मीच विकली.

आता पाच मजले, खाली सहा गाळे, वर वीस घरं,
आणि जिन्याखाली एक खोली,
जिच्यात सगळे मीटर ओळीनं,
शाळेच्या फोटोत उभे राहतात तसे.
मोबाईलनं टिपायचे. वीस मिनिटं.
पाणी कोण विचारत नाही. विचारणार कोण, भिंत?

तरी आकड्यांवरून माणूस कळतो थोडाफार.
दोनशे चारला बाळ झालं असणार, एकाएकी दुप्पट.
तीनशे दोन शून्य, चौथा महिना, पुण्याचे मालक.
गाळा तीन, रक्त तपासायचा, फ्रीज कधीच बंद नसतो.
गाळा पाच, भडंगवाला, कमी जाळतो, जास्त बोलतो.
आणि चारशे एक. उपाध्येबाई.
जागेच्या बदल्यात वर एक घर, खाली एक गाळा.
महिन्याचे सहा युनिट.

सहा युनिट म्हणजे एक दिवा, तोही जेमतेम.
मागल्या महिन्यात पाच.
मला राहवेना. लिफ्टनं गेलो वर,
बेल दाबली, दार वाजवलं, परत दाबली.
समोरच्या दारातून एक पोरगी म्हणाली,
"आजी? त्या वर कुठं असतात?"

बाई खाली होत्या. गाळा दोनच्या पायरीवर,
रुबिना मुल्लाणीच्या शिलाई मशिनीशेजारी,
मांडीवर कुणाचंतरी पोलकं, हातात सुई, काजं करत.
कॉलेजची पोरं मेसमधून परतताना
वाकून "काय आजी" म्हणून जात होती.
एक रिक्षा उगाच थांबली होती.
साडेनऊ वाजलेले, आणि त्या रस्त्यावर उजेड, ओ,
माझ्या खात्याला इतका उजेड मी कधी जमा केला नव्हता.

"वर झोपायला तेवढी जाते," बाई म्हणाल्या,
"तीस वर्षं व्हरांड्यात बसून रस्त्याकडं बघितलं,
कुत्र्याशिवाय कोण दिसलं नाही.
बस की. आता फाटक कुठाय?"

मी बसलो. पायरी दिवसभराची तापलेली.
पार्किंगवरून मागं दोघांचं जुंपलं होतं,
टाकीचं पाणी तिसऱ्या मजल्यावर चढत नव्हतं,
करंज नव्हता, ते नव्हतंच.
पुढच्या वर्षी मीटर आपापलं रीडिंग कळवणार म्हणे,
माणूस लागणार नाही. हे मी बाईंना सांगितलं नाही.

रुबिनानं तांब्या पुढं केला.
मी पाणी प्यालो,
आणि गाळा दोनचा आकडा
उगाचच परत एकदा बघून आलो.