एक हजार एक

झालं, आत्या, यर्नेय म्हणाला.
जुनी यंत्रणा पुसली, नवी बसवली,
तुमच्या फाइलींना हात लावला नाही,
फक्त पाया नवा घातलाय.
त्याने माझी उरलेली कॉफी पिऊन टाकली
आणि बोरा सुटायच्या आत
ओपिचिनाच्या चढाला लागला.

माझं नाव मीच घातलं होतं, नेरीना.
पासवर्डही जुनाच:
मेलेल्या कासवाचं नाव, पुढे एक आकडा.

मग माझ्याच फोल्डरवर बोट ठेवलं.
हे उघडण्याची परवानगी तुम्हाला नाही.
तुम्हाला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अहो-जाहो.

आत माझे सगळे पियानो आहेत.
दंतवैद्याचा, ज्याचे खालचे सूर दर हिवाळ्यात उतरतात.
शाळेतला, ज्याच्या पोटातून
मी एकदा जेवणाचा काटा काढला.
सिन्योरा कोबालचा, जो अकरा वर्षं कुणी वाजवलेला नाही,
तरी ती मला वर्षातून दोनदा बोलावते
आणि काम चालू असताना दारात उभी राहते.
कुठली तार कधी बदलली, कुठला सूर किती ढळला,
एकोणीस वर्षांच्या नोंदी.

यर्नेयने फोनवरून काळी खिडकी उघडायला लावली.
यंत्र नाव वाचत नाही, आत्या, आकडा वाचतं.
पहिला माणूस एक हजार,
दुसरा एक हजार एक.
लॅपटॉप आणला तेव्हा आधी कोण बसलं होतं?

एजिदिओ.
खोक्यातले थर्माकोलचे दाणे गुडघ्यांना चिकटलेले,
त्याने आधी आपलं नाव घातलं, मग माझं.
त्या दिवसापासून मी एक हजार एक होते
आणि मला पत्ता नव्हता.

या वेळी मी एकटीच बसले
आणि त्याचा आकडा मला मिळाला.
म्हणून माझं दार मला बंद,
आणि शेजारचं, त्याचं,
नुसतं टेकल्यावर उघडलं.
कोण, म्हणून कुणी विचारलं नाही.
यंत्राच्या लेखी मीच तो.

बोटीच्या इंजिनाच्या पावत्या.
अर्धी सोडवलेली शब्दकोडी.
वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याबद्दल नगरपालिकेला पत्र,
अकरा मसुदे, प्रत्येक आधीच्यापेक्षा मऊ,
अकराव्यात तर कुत्र्याच्या तब्येतीची चौकशी.
आणि आवाजाची एक फाइल, सत्तेचाळीस मिनिटं:
भिंतीपलीकडे मी आमचा पियानो लावतेय.
एकच सूर. पुन्हा. पुन्हा.
मध्येच केटलीची शिट्टी, मग परत तोच.
सूर लागला की मी हं म्हणते, माझी सवय.
फाइलमध्ये एक हं आधी येतो,
जवळून, दबका,
माझ्या हंच्या दोन ठोके आधी.

मला कान नाही, म्हणायचा.
तीस वर्षं म्हणायचा.

एक ओळ लिही, यर्नेय सांगत होता,
दोन्ही फोल्डर तुझ्या नावावर होतील, मिटलं.
ओळ लिहिली. एंटर दाबलं नाही.
दाबलं असतं तर हे यंत्र
जन्मभर धरून चाललं असतं
की या घरात एकच माणूस राहायचं.

उलटं कर, मी म्हटलं. हजार त्याचा.
मला माझा हजार एक परत दे.
अगं, त्याला वेळ लागेल.
लागू दे.

रविवारी तो परत आला, वाऱ्याने लाल झालेला,
आणि कुरकुरत सगळं मागे फिरवलं.
आता पडदा लागला की दोन नावं दिसतात, त्याचं वर.
त्याला पासवर्ड ठेवलेला नाही;
तसं केलं की त्या दारातून कुणालाच जाता येत नाही म्हणे,
मलाही नाही.
ती सत्तेचाळीस मिनिटं मात्र
त्याचा आकडा सोडण्याआधी मी माझ्याकडे घेतली.
चोरी म्हणा.

माझे पियानो जागच्या जागी होते.
काट्याची नोंदसुद्धा.
खाली एक नवी घातली:
आमचा. मधला सूर बराच उतरलेला.
शेवटचा लावला त्याला दोन वर्षं, चार महिने.