चाकाआडचा पत्रा

केटिल, तुझी जीप अंगणात लावली आहे.
मागच्या चाकांशी जरा वाकून बघ.
हिवाळ्यात कॅटलॉगमधून डिस्क मागवल्यास,
जुने ड्रम गोठ्यामागे फेकलेस, म्हणालास,
आता नुसता अंगठा टेकवला तरी थांबेल.

थांबते. खोटं कशाला बोलू?
पण खोक्याच्या तळाशी दोन आडपत्रे होते,
कॅलिपरला अडतात म्हणून तू तसेच ठेवलेस
आणि आता त्या खोक्यात मांजरी व्यालीय.

इथली वाळू तुला ठाऊक आहे.
हेक्ला पेटली तेव्हाची राख, काळी,
अजून कोपरे न झिजलेली.
आणि हिमनदीचं पाणी, लांबून दूध,
बोटांत धरलं की कुरकुरतं: दगडाचं पीठ.
मेंढ्यांमागे चौथा ओढा ओलांडला
आणि मागून आवाज सुरू झाला,
दाताखाली खडा यावा तसा,
पण हा घास संपेचना.
जूनमध्ये पॅड करंगळीएवढे जाड होते.
सप्टेंबरात नखाएवढे.

मग मेंढवाड्याचं उडालेलं छप्पर ओढून आणलं.
पन्हळी ठोकून ठोकून सपाट केल्या,
पुरत्या नाही झाल्या.
आईच्या केकच्या ताटाने गोल आखला,
डिस्कला असं गुंडाळलं
की चिलटसुद्धा आत जाऊ नये.
स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक खडा गेलाच. वाटाण्याएवढा.
कुठून गेला, विचारू नकोस.
बाहेर पडायला त्याला जागा नव्हती.
अख्खा उतार तो किंचाळत आला,
मेंढ्या दोन्हीकडे फुटल्या,
हालबेरा म्हातारी दारात येऊन उभी,
कुणाचं काय झालं म्हणून.

आता खालून चार बोटं कापलंय.
पाणी गळतं, चिखल पडतो,
खडा आला तर आल्या वाटेने जातो.
कडा मुडपल्यात, तरी हात जपून घाल.
तापलेली डिस्क घेऊन ओढ्यात शिरू नकोस,
काठावर एक सिगारेटभर थांब.
पलीकडे गेलास की ब्रेक हलके दाबत चल,
ओल जाऊ दे.
आणि घरी आल्यावर आधी बादलीभर स्वच्छ पाणी मार,
मग कॉफी.

उजव्या पत्र्यावर छपराचा लाल रंग राहिलाय.
घासून काढणार होते. राहू दिला.

पिल्लं चार आहेत.
खोकं एवढ्यात हलवू नकोस.