पाहुण्यांना सांगायच्या गोष्टी

मेस्तियाहून गाडी वर येते,
पाहुणे उतरतात, आधी डोंगराचे फोटो, मग बुटांचा चिखल.
चहा देते. मांस भरलेली गरम कुबदारी देते.
पहिला घास गिळायच्या आत प्रश्न सुरू.

बुरुजाला दार का नाही?
आहे की. वर बघा, दोन पुरुष उंचीवर.
शिडी लावून चढायचं, शिडी आत ओढायची,
मजल्याच्या भोकावर सपाट दगड सरकवायचा.
शत्रू कोण होते?
वरून येणारं बर्फ, आणि समोरचं घर.
हसतात.
समोरच्या घरातला बिमुर्झा तेव्हा
अंगणात त्यांच्याच बॅगा उतरवत असतो.
त्याचे पणजोबा आणि माझे,
एका बैलापायी अकरा वर्षं
दोघांनी एकमेकांना उजेडात पाहिलं नाही.
हे मात्र मी सांगत नाही.

मीठ असं पिवळट का?
कारण खिंड उघडली तरच मीठ वर यायचं,
माणसाच्या पाठीवर.
मग लसूण, धने, रानातलं शहाजिरं,
निळी मेथी, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या,
कुटत राहायचं, चिमूटभराचं मूठभर करायचं.
आता दुकानात पोत्यानं मिळतं.
आई अजून उखळाशी बसते.
टंचाई गेली, चव मागे राहिली.

सोन्याचं ते खरं का?
खरं. ओढ्यात मेंढीचं कातडं पसरून ठेवायचे,
लोकरीत कण अडकायचे.
तुमच्याकडे किती आहे?
वडिलांच्या एका दाताएवढं,
तेही कुताइसीच्या दवाखान्यातलं.
वडील लगेच हसून दाखवतात.

भर उन्हाळ्यात बैलांना घसरगाडी का?
या उतारावर गवत लादून
चाक सोडून बघा एकदा.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्याचं कुणी विचारत नाही.
बर्फ आलं, किती घरं गेली,
मामाला सरकारनं खाली मैदानात घर दिलं.
दर ऑगस्टात येतो, टोमॅटो आणतो.
म्हणतो, तिकडे सगळं बरं आहे गं,
पण नजर टेकवायला काही नाही,
नुसती जात राहते.
रात्री गादी टाकून देते
तर उठून खिडकीशी बसतो,
ज्या उतारानं घर नेलं त्याच्याकडे तोंड करून.

तुमच्या भाषेत काहीतरी लिहून द्या ना,
काल एका मुलीनं वही पुढे केली.
काय लिहू? आमच्या बोलीला स्वतःची लिपी नाही.
शाळेत जॉर्जियन, चुलीशी स्वान,
आणि मर्तिकाचं गाणं तर असं,
की त्यात एकही शब्द नाही.
तीन आवाज, नुसते स्वर,
गडी माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून
ते उचलतात, ओझं उचलावं तसं.
म्हणे, अर्थ काय?
मी तिला आणखी चहा ओतला.

फेब्रुवारीत पाहुणे नसतात. रस्ता बंद.
म्हणून ही शेवटची गोष्ट कुणाला सांगायची राहिली.
त्या दिवशी भूर्जाच्या मशाली घेऊन
आम्ही बर्फातून देवळाकडे जातो, आपापल्या थडग्यांपाशी.
घरात जितके पुरुष तितक्या मशाली.
सून पोटुशी असेल तर एक जास्त, आशेची.
त्या वर्षी आमच्या घरातून पाच निघाल्या.
आजोबा, वडील, दोन काका,
आणि पाचवी, माझी.
एप्रिलात मी जन्मले.
सुइणीनं बातमी दिली तेव्हा आजोबा म्हणाले म्हणे,
पेटवली ती पेटवली, आता विझवता येते का?

भूर्जाच्या सालीवर लोक पोथ्या लिहीत असत,
असं एका पाहुण्यानं सांगितलं होतं.
आम्ही लिहिलं नाही. जाळलं.

यंदा घरात पुरुष एकच, सोन्याच्या दाताचा.
मी मशाली दोन बांधल्या.
वाटेत वाऱ्यानं माझी विझली.
दुसरी कुणाची, असं बिमुर्झानं विचारलं नाही.
आपली तिरपी केली, ज्योत लावून दिली,
आणि पुढे चालू लागला.
लाकूड ओलं होतं.
धूर फार झाला, डोळ्यांत गेला,
दोघांच्याही.