चार नंबर

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सात ते अकरा.
रास्ता पेठ, तिसरा मजला, लिफ्ट बहुतेक बंद.
चार खुर्च्या, चार मशिनं,
आणि रक्त बाहेर जाऊन धुऊन येईपर्यंत
माणसाने करायचं काय?
मतं मांडायची.

एक नंबरला पोंक्षे. जकात खात्यातून निवृत्त.
त्यांच्या मते चौकातला पूल बांधला ही चूक,
पाडला ही त्याहून मोठी,
आणि आता परत बांधतायत त्याबद्दल
ते शुक्रवारी सविस्तर बोलणार आहेत.
दोन नंबरला शमीम तांबोळी, शिवणक्लासवाल्या.
सिनेमाचं त्या कपड्यांवरून ठरवतात:
"बाई गरीब दाखवलीये, आणि ब्लाउजला प्रिन्सेस कट?
मी तिथेच उठले."
तीन नंबर मी.
जाड पुस्तकं मी शेवटून वाचतो.
पोंक्षे म्हणतात, हा लेखकाचा अपमान.
मी म्हणतो, लेखकाला काय, वेळ आहे.

निवडणुकीच्या महिन्यात
पोंक्षे एका बटणाचे, मी दुसऱ्या.
तांबोळीबाई म्हणायच्या,
मी कुणाला दिलं ते नवऱ्याला सांगितलं नाही,
तुम्हाला बरी सांगेन.
स्नेहल सिस्टर पट्टा आवळून आकडा बघायची:
"एकशेऐंशी. काका, सरकार राहू दे नाहीतर पडू दे,
अकरापर्यंत विषय बदला."
मग आम्ही चहावर यायचो.
दिवसाला एक लिटर पाणी,
त्यातच आमटी, ताक, गोळीबरोबरचा घोट.
त्यामुळे चहाविषयीची आमची मतं
चहा पिणाऱ्यांपेक्षा पक्की.

जुलैत चार नंबरला एक मुलगा आला.
निनाद बोऱ्हाडे, मोशीचा, वय एकोणतीस,
मानेत ताजी नळी, नजर पंख्याकडे.
पोंक्षे म्हणाले, "मेट्रोने आलात?"
"रिक्षा."
"मेट्रोविषयी काय मत?"
"मला काही मत नाही."

कशाचंच नव्हतं.
साबुदाण्याच्या खिचडीत काकडी घालावी का, विचारलं.
डोळे मिटले.
शेवटी पोंक्ष्यांनी हेल्मेटसक्ती काढली.
पुण्याच्या हद्दीत हेल्मेटवर गप्प बसलेला माणूस
मी पहिल्यांदा बघितला
आणि, खरं सांगतो, घाबरलो.

तांबोळीबाई हळू आवाजात म्हणाल्या, नका त्याला टोचू.
माझंही पहिल्या वर्षी असंच.
घरच्यांनी विचारलं, पडदे कुठल्या रंगाचे?
म्हटलं, लावा कुठलेही.
सात महिने जांभळे पडदे होते घरात.
जांभळा मला बघवत नाही.

मग एक बुधवार. बाहेर मांडवाचे बांबू ठोकत होते.
विषय होता, सिनेमात मरताना माणसं इतकं कसं बोलतात,
दमत कशी नाहीत,
आणि पोंक्षे स्वतःच दमून थांबले, तेवढ्यात
चार नंबरवरून आवाज आला:
"खालच्या कॅन्टीनचा चहा बेकार आहे.
आलं म्हणून सुंठ घालतात."

मशिनं चालू होती म्हणून, नाहीतर
टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.
स्नेहल वळली. "तू प्यायलास?"
"अर्धा कप."
"कुणाला विचारून?"
पोंक्षे, सुईचा हात जागेवर ठेवून
झुकता येईल तेवढे झुकले:
"सुंठ नाही हो. आलंच आहे. दूध पातळ आहे."
"दूधच नाही ते, पावडर आहे."
"पावडर? कोण म्हणतं?"
"मी म्हणतोय ना!"
तांबोळीबाई म्हणाल्या, अरे, गाळणी धूत नाहीत ते बघा आधी.

स्नेहल रागारागाने
अर्धा कप त्याच्या कागदावर लिहीत होती.
दुसऱ्या पाळीची माणसं दारात येऊन उभी,
डबे, चादरी, फायली घेऊन.
अकरा कधीच वाजून गेले होते.
माझं विचाराल,
तर सुंठच आहे ती.