शेवटचा खेळ, साखर पेठ

मागच्या रांगेत चंद्रय्या मामा,
उजव्या हाताची दोन बोटं वाकडी.
व्यंकूनं मोडलेली, थकल्या व्याजापायी.
तेव्हापासून मागावर बसत नाहीत,
कारखान्याच्या गेटवर चादरींचे गठ्ठे मोजतात.

माझी दहावीची फी
व्यंकूनंच भरली होती.
आईनं घेतली, विड्या वळता वळता म्हणाली,
पैशाला काय तंबाखूसारखा वास असतो?

पडद्यावर दादा कोसळला.
बाल्कनीतून कुणीतरी चिल्लर उधळली.
मी वळून पाहिलं,
मामा डोळे पुसत होते
त्याच दोन बोटांनी.

बाहेर व्यंकू, गाडीला टेकून.
"कसा हाय पिक्चर?"
"चांगलाय," मामा म्हणाले,
"शेवटी मरतो."

व्यंकू हसला. खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी
मामांपुढे धरली.
मामांनी डावा हात पुढे केला.