बोटभर

अब्दिएल म्हणाला, आई, नायलॉनचा पट्टा शिवून दे,
दोन इंच रुंद, मोटारीचं नाक धरून ठेवेल असा.
मी आयुष्यभर गणवेश शिवले,
तीन राजांच्या सणाचे झगे,
एकदा शवपेटीचं अस्तर.
मोटारीचं नाक कधी हातात आलं नव्हतं.

आमचं गॅरेज म्हणजे मागचा पत्रा,
वादळाने नेलेला, शोधून आणून परत ठोकलेला.
गाडीखाली ओविदियो उताणा. बाहेर फक्त चपला.
तिथूनच सांगतो:
"हिला पुढची चाकं ओढतात, दोन्या ओर्तेन्सिया.
हिरवा दिवा लागतो, क्लच सुटतो,
आणि सगळं वजन मागच्या सीटवर जाऊन बसतं.
ज्यांनी ओढायचं, त्यांचेच पाय अधांतरी.
मग टायर नुसता धूर काढतात, जागच्या जागी."

ओठांत टाचण्या होत्या, म्हणून मी बोलले नाही.
ऐन वेळी मागे सरणारं वजन मी जवळून पाहिलंय.
ते आता ऑर्लँडोत राहतं,
नाताळला फोन करतं.

मागच्या स्प्रिंगा बदलल्या. इतक्या कडक
की डिकीवर मी बसले (आणि मी काही चिमणी नाही)
तरी गाडीने हूं की चूं केलं नाही.
ढुंगण वर, नाक खाली,
दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी उभी राहिली.
पुढचे शॉक दबायला मोकळे, उठायला आळशी.
रबरी बुश गेले, टणक आले,
नाहीतर चाक उड्या मारतं
आणि उड्या मारता मारता एक्सल मोडतं.
मागे सडपातळ टायर, हवा ठासून.
पुढे रुंद, मऊ, हवा निम्म्याहून कमी.

मी तिहेरी दोरा घेतला.
चौकोन, चौकोनात फुली.
दोन सुया मोडल्या.
"बोटभर उठू दे," ओविदियो म्हणाला, "त्याहून नाही."
कुणाचं बोट, ते विचारायचं राहिलं.

शनिवारी रात्री दक्षिण किनाऱ्याची ती पट्टी,
जिथे माझ्या बापाने ऊस तोडला.
आता गवत, बगळे, जळक्या रबराचा वास,
आणि तळलेल्या केळ्यांची एक गाडी.
पहिल्या फेरीला आमची गाडी तिरकी पळाली,
भिंतीपासून हातभर राहिली.
उजवा पट्टा अर्धं बोट सैल होता.
कुणी मला बोललं नाही.
त्यांना वाटलं, स्प्रिंग असेल.
चाकातलं मला कळत नाही, शिवणीतलं कळतं.
गुडघ्यावर बसले, बॅटरी दातांत धरली,
उसवलं. पुन्हा शिवलं, हाताने,
शिडाच्या सुईने.

दुसऱ्या फेरीचे आकडे अब्दिएलला विचारा,
तो कागद त्याने पाकिटात ठेवलाय.
मी दिवे पाहिले नाहीत, घड्याळही नाही.
मी नाक पाहत होते.
उठलं, बोटभर,
आणि थांबलं.