स्थिर

लाकडी बादली, तळाला काच.
ती पाण्यावर टेकवून हिल्क्काबाई ओणव्या होतात
आणि खिडकी उघडावी तशी नदी उघडते.
"लिही, ओउती. एक. दोन.
हा मेलेला, तो नको. तीन."
फिनलंडच्या या टोकाला ऑगस्टातही पाणी दात वाजवतं.
बोटांतली पेन्सिल मला जाणवत नाही,
पण आकडे उतरतायत वहीत, काळे, अर्धे रुतलेले,
शिंपल्यांसारखेच.

पुस्तकात याला समष्टी म्हणतात:
एका जातीचे, एका जागचे, एका वेळचे सगळे मिळून.
फार उंचावरचा शब्द वाटायचा मला.
आता वाटतं, समष्टी म्हणजे
प्रवाहाकडे तोंड करून
ओठ किंचित उघडे ठेवून बसलेली
दोनशे बारा म्हातारी माणसं.

गेल्या वर्षीही दोनशे बारा.
त्याआधी दोनशे तेरा.
युसी म्हणाला, मृत्युदर जवळजवळ शून्य, मग छानच की!
बाईंनी खिशातून मोजपट्टी काढली.

अकरा सेंटिमीटर. साडेअकरा. बारा.
सगळ्यांत धाकटा: नऊ.
म्हणजे आईच्या वयाचा.

काठावर बसून आम्ही वयोरचना काढली.
वरचा मजला गजबजलेला,
आणि खाली घरच नाही.

पिलं होतात. दर उन्हाळ्यात लाखांनी होतात.
ट्राउटच्या कल्ल्यांना धरून हिवाळा काढतात
(पुस्तक म्हणतं परजीवी, बाई म्हणतात पाहुणे),
मग सुटून खड्यांच्या फटींत उतरतात.
तिथे श्वासापुरती जागा लागते.
वरच्या दलदलीत माझ्या आजोबांनी चर खणले,
इमानाने, रोजंदारीवर, पाईन वाढावेत म्हणून.
वाढले. आमचं घर त्याच लाकडाचं.
चरांतून गाळ आला, फटी बुजल्या.
इतकंच.
याला अधिवासाचा ऱ्हास म्हणतात.
पाच गुण.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात.
इथे म्हातारी मरतच नाही.
काळ शेजारच्या दगडावर बसलाय,
त्याला कुठे घाई आहे.

एका शिंपल्यावर चिकटवलेला आकडा सापडला: ४१.
चिन्हांकन आणि पुनर्पकड, धडा सातवा.
तो बाईंनी चिकटवला होता, चौदाव्या वर्षी.
त्यांनी बोट लावलं. शिंपला मिटला.
"जिवंत. लिही," म्हणाल्या,
आणि बराच वेळ पुढचा आकडा सांगितला नाही.

परीक्षेत प्रश्न येणारच:
ही समष्टी स्थिर आहे काय? सकारण लिहा.
स्थिर या शब्दाखाली मी रेघ मारून ठेवलीय.
उत्तर अजून नाही.

शनिवारी चर बुजवायला जायचंय.
आजोबांकडे त्यांचं फावडं मागितलं.
कशाला, ते त्यांनी विचारलं नाही.
धार मात्र लावून दिली.